मुनादी आणि फेरफार

"काय वो बाई, रोडगे किती माणसायचे लावू?"

जानेवारीतली पहाट, साडेपाचची वेळ. कॉलेजमागच्या पटांगणात गोवऱ्या रचून झाल्या होत्या, कणीक तिंबायची बाकी होती आणि स्वयंपाकाचा भार उचललेले काका कानाला मफलर गुंडाळून माझ्यापुढे उभे होते. रोडग्यांचं गणित तसं सरळ आहे. माणशी दोन धरायचे. वरण आणि वांग्याची भाजी कमी-जास्त करता येते. पण एकदा आरावर चढलेले रोडगे परत कणीक होत नाहीत, म्हणून आकडा आधीच पक्का लागतो. मी फोनवरून आमच्या एपीआयला, म्हणजे बाहेरून माहिती विचारायच्या आणि द्यायच्या सर्व्हरच्या खिडकीला, परिषदेच्या जेवणाचा आकडा विचारला. उत्तर आलं, ४११.

माझा अंदाज २६० च्या आतला होता.

"चारशे अकरा?" काकांनी हॉलकडे नजर टाकली. "इतके लोकं बसतीन कोठी?"

मी तिथंच पायरीवर लॅपटॉप उघडला. एकाच मुलाचं नाव चार वेळा, दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं. एका बाईंचं सात वेळा. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान गावोगावची मंडळी जेवणाची नोंद करत होती आणि नेमकी त्याच वेळी रेंज येत-जात होती. फोननं नोंद पाठवली, सर्व्हरनं लिहून घेतली, "मिळाली" असा निरोप परत निघाला आणि वाटेत हरवला. फोनला वाटलं नोंद पोचलीच नाही, त्यानं पुन्हा पाठवली. असं वागायला त्याला मीच शिकवलं होतं: उत्तर मिळेस्तोवर पाठवत राहा. चांगल्या रेंजमध्ये चाचण्या घेताना निरोप कधी हरवलाच नव्हता.

ह्याचा उपाय जुना आहे, आणि कापसाच्या काट्यावर उभं राहिलेल्या कुणालाही तो पटकन कळेल. जिनिंगमध्ये गाडी काट्यावर चढते, वजन होतं, चिठ्ठी फाटते. चिठ्ठीवर नंबर असतो. तीच चिठ्ठी खिडकीवर तीनदा दाखवली तरी चुकारा एकदाच होतो, कारण आतला माणूस वहीत नंबर बघतो. आमच्याकडे नोंदीला नंबर देत होता सर्व्हर, आणि तोही नोंद पोचल्यावर. तिथंच चुकलं होतं. नंबर फोननं द्यायला हवा, पाठवायच्या आधी; मग तीच नोंद दहादा आली तरी सर्व्हर ओळखतो. एचटीटीपीत, म्हणजे फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, ह्या दोन वागण्यांना दोन वेगळी क्रियापदंच आहेत. 'पोस्ट' म्हणजे "ही घे, नवी नोंद कर". 'पुट' म्हणजे "ह्या नंबरच्या जागी हे ठेव". पुट कितीदाही करा, जागा एकच राहते. काकांना मी फोन नंबरांवरून दुहेरी नोंदी गाळून २५८ हा आकडा दिला आणि मग थंडीत बोटं चोळत पोस्टचं पुट केलं. काकांनी मनाशी काहीतरी बेरीज केली आणि पावणेतीनशे जणांचे रोडगे लावले. तेवढेच लागले.

परिषद होती मोकळ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो त्याची, दोन दिवसांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वर्षानुवर्षं आमची पोरं अशा परिषदांसाठी रात्रीची गाडी पकडून पुण्याला, बंगळुरूला गेली. ह्या वेळी पुण्याच्या लोकांनी रात्रीची गाडी पकडून आमच्याकडे यावं, एवढी साधी इच्छा होती. विषयही इथलेच होते: गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यांतले पतंग मोजणारा कॅमेरा, बचत गटांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर, मराठी बोलणं ऐकून लिहून देणारी यंत्रणा. माझ्याकडे आलं काम वेळापत्रकाचं. सगळ्यांना वाटलं, हे सगळ्यात सोपं.

वेळापत्रक खुल्या डेटाच्या रूपात देणं ही काही नवी गोष्ट नाही. ब्रसेल्सला दर हिवाळ्यात फॉसडेम नावाची मोठी परिषद भरते. तिचं सगळं वेळापत्रक यंत्राला वाचता येणाऱ्या एका एक्सएमएल फाइलीत कुणालाही उतरवून घेता येतं आणि त्यावरून लोकांनी आपापली मोबाइल अ‍ॅपं बनवली आहेत. परिषदेनं फक्त डेटा मोकळा सोडला. मी नोकरीत असताना ह्या प्रकारावर फार जीव लावला होता. पण गावी परत आल्यावर, घरात बसून आमच्या परिषदेसाठी तसंच काहीतरी लिहायला घेतलं, तेव्हा हात अडखळायला लागला. अडखळायचं कारण माझे आबाजी.

आबाजी गावचे कोतवाल होते. सरकारी निरोप गावाला सांगायचा तर ते डफडं घेऊन निघायचे. बाकीकडे दवंडी म्हणतात, आमच्याकडे मुनादी. चावडीपासून सुरुवात, मग मारुतीचा पार, मग वेशीजवळ. "ऐका हो ऐका! उद्या सकाळी सोसायटीत खत वाटप हाये..." मी लहानपणी त्यांच्या मागं-मागं फिरले आहे. पारावर कुणीतरी हमखास म्हणायचं, "कोतवाल, खताची गाडी तं वाटेत फसली हाये, आता पाहून आलो." आबाजी मान हलवायचे आणि पुढच्या चौकात पुन्हा तीच मुनादी द्यायचे. त्यांच्या हातात बदलायचं काही नव्हतंच. ज्याला खरी गोष्ट ठाऊक होती त्याला ती सांगायला जागा नव्हती, आणि ज्याच्याकडे डफडं होतं त्याला ती बदलायचा अधिकार नव्हता. नुसता वाचता येणारा एपीआय लिहिताना मला सारखं ते डफडं ऐकू यायचं.

आबाजींकडे दुसरंही एक काम होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. फेरफाराच्या नोटिसा घरोघरी पोचवायच्या. ज्यांनी सातबारा फक्त काढून घेतला आहे त्यांना कदाचित माहीत नसेल, पण सातबाऱ्यावर थेट कुणी काही बदलत नाही. जमीन विकली, वारस लागला, वाटणी झाली, की आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद होते. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आलीच तर ती नोंद वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, ६-अ मध्ये जाते. हे सगळं पार पडलं, नोंद प्रमाणित झाली, की मग सातबारा बदलतो, आणि त्या बदलाशेजारी फेरफार क्रमांक कायमचा राहतो. आबाजी म्हणायचे, "लिवलेलं खोडाचं नाई. खाली नवं लिवाचं, नंबर टाकाचा." तलाठ्याच्या हातची दप्तरं त्यांनी इतकी वर्षं डोक्यावरून वाहिली होती की हा नियम त्यांना स्वतःचाच वाटायचा.

सॉफ्टवेअरच्या जगात आज ह्याच रचनेला मोठमोठी नावं आहेत आणि त्यावर तासतासभर भाषणं होतात: नोंदी फक्त वाढवत न्यायच्या, मूळ कधी पुसायचं नाही, आजचं चित्र जुन्या नोंदींच्या बेरजेतून काढायचं. मी पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मला आबाजींच्या पिशवीतल्या नोटिसा आठवल्या होत्या. म्हणून ठरवलं की आमच्या वेळापत्रकाचा एपीआय वाचता येईल आणि लिहिताही येईल. ज्याच्या गळ्यात परिषदेचं ओळखपत्र, त्याला लिहायचा अधिकार. पुसायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही.

आयोजकांच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा शांतता पसरली. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, वाचायले खुलं ठेवा ना. लिहायले कायले? पोट्टे काहीबाही लिवतीन." त्यांची भीती खोटी नव्हती. दोनशे-अडीचशे लोकांच्या हाती वेळापत्रक द्यायचं म्हणजे कुणी खोडसाळपणानं उद्घाटनाची वेळ रात्री अकराची केली तर काय, हा प्रश्न मलाही पडला होता.

मी त्यांना मेंढ्याबद्दल सांगितलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंडांचं छोटं गाव. नोकरी सोडली त्या वर्षी मी तिथं जाऊन आले होते. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी ऐकली असेल. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला २००९ साली. पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवाना लिहिणारा हात गावाचा नव्हता. परवान्यांचं ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं २७ एप्रिल २०११ ला, गावाचे नेते देवाजी तोफांकडे, केंद्रीय मंत्री गावात येऊन देऊन गेले. मधली दोन वर्षं हक्क कागदावर होता, वाचता येत होता. पुस्तक हाती आल्यावर गावानं स्वतः परवाने लिहिले आणि स्वतः बांबू विकला. तिथल्या पोरांशी बोलताना मला हे सगळ्यात जास्त जाणवलं, की ते हक्काबद्दल बोलताना जंगलापेक्षा त्या पुस्तकाबद्दल जास्त बोलतात.

मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. आम्हीही हात वर करून मोजलं नाही. प्राध्यापकांना काय झालं तर चालणार नाही ते विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: कुणी काय बदललं ते दिसलं पाहिजे, चुकीचं लगेच परत फिरवता आलं पाहिजे, आणि उद्घाटनाची व समारोपाची वेळ आयोजकांनी मान्य केल्याशिवाय हलता कामा नये. तिन्ही अटी फेरफाराच्या वहीत आधीपासूनच होत्या. तिसरी तर सरळ नोटीस आणि हरकत. सर हसले आणि म्हणाले, "मंग करा."

घरी हे सांगितल्यावर बाबांना अजिबात नवल वाटलं नाही. त्यांच्यापुरती ही गोष्ट २०२१ च्या १५ ऑगस्टनंतरच घडून गेली होती. त्या दिवसापासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी शेतात काय पेरलंय ते तलाठी नोंदवायचे. आता शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून फोनवर पीक निवडतो, फोटो काढतो, आणि ते सातबाऱ्याच्या गाव नमुना १२ वर चढतं. नंतर चूक दुरुस्त करायला ४८ तास मिळू लागले, आणि तलाठी दहा टक्के नोंदी तपासू लागले. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आंतरपीक म्हणून घातलेली आमची तूर तोवर सातबाऱ्यावर कधी आलीच नव्हती. त्या वर्षी बाबांनी ती स्वतः चढवली. फोटो नीट येईना म्हणून दोनदा वावरात गेले. सातबारा काढून आणल्यावर 'तूर' ह्या दोन अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. "माह्या हातानं लिवली," एवढंच म्हणाले.

आता थोडं तपशिलाचं, कारण जे असं काही बांधू पाहतील त्यांना ह्याचाच उपयोग होईल.

लिहायला दिलं की पहिला प्रश्न येतो दोघांनी एकाच वेळी लिहिण्याचा, आणि आमच्याकडे 'एकाच वेळी' हा शब्दच फसवा आहे. स्वयंसेवक आपल्या गावात बसून सकाळी आठला बदल करतो, रेंज नसल्यानं तो फोनमध्येच थांबतो आणि अकराला, तो एसटीतून उतरला की सर्व्हरवर येऊन आदळतो. तोवर दहाला दुसऱ्यानं तेच भाषण दुसऱ्या खोलीत हलवलेलं असतं. शेवटी आलेला बदल खरा मानला तर आठचा शिळा बदल दहाच्या ताज्या बदलावर बसतो. हा प्रश्न ओपनस्ट्रीटमॅपनं कधीच सोडवून ठेवला आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणीही बदलू शकतं. त्याच्या एपीआयची २००९ पासून चालत आलेली ०.६ ही आवृत्ती मी ओळीनं ओळ वाचली. तिथं प्रत्येक रस्त्याला, प्रत्येक विहिरीला एक आवृत्ती क्रमांक असतो. बदल पाठवताना तुम्ही कोणत्या क्रमांकाची नोंद पाहून बदलताय ते सांगावं लागतं. मधे कुणी बदलून गेलं असेल तर सर्व्हर ४०९ हा कोड परत देतो: संघर्ष आहे, आधी नवी नोंद पाहा, मग ठरवा. आम्ही हेच घेतलं. फक्त ४०९ आल्यावर माणसाच्या स्क्रीनवर इंग्रजी धमकी येऊ नये म्हणून मजकूर लिहिला: "तुमच्याआधी हे बदललं गेलं आहे. नवं पाहून घ्या, तुमचं आम्ही जपून ठेवलंय." ह्या एका वाक्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि मला ती वाया गेल्यासारखी वाटत नाही.

वेळेचा घोळ लवकर निस्तरला. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत जगतो, आपण साडेपाच तास पुढे. पहिल्या दिवशी साडेनऊचं उद्घाटन पहाटे चारला दिसत होतं. वेळेसोबत तिचा विभागही लिहा, एवढंच.

'ऱ्या'नं मात्र रडवलं. आडनावात 'वऱ्हाड' असलेली एक मुलगी नोंदणीच्या टेबलावर उभी होती आणि तिचं नाव शोधून सापडत नव्हतं. यादीत ते डोळ्यांना दिसत होतं. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट: नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त. दुसरी: साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'वऱ्हाड'च. संगणकाला मात्र ही दोन वेगळी आडनावं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण त्या दोघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. वऱ्हाडात बसून वऱ्हाडचं नाव सापडू नये ह्याचं मला फार वाईट वाटलं. ज्या भाषेत आपण लिहायचा अधिकार देतो, तिची अक्षरं नीट ओळखणं हे त्या अधिकारातच येतं. त्या मुलीनं मात्र वाट पाहिली नाही. ओळखपत्रावरच्या किल्लीनं तिनं आपली नोंद उघडली आणि नाव पुन्हा टाइप केलं, तिच्या बोटांना सवयीचं होतं तसं. बदलाच्या वहीत कारण म्हणून लिहिलं: "हे माझं नाव आहे."

ह्या सगळ्यात एक गोष्ट घडली, जी सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

डिसेंबरात आम्ही गाड्यांचं कोष्टक सुरू केलं होतं. कोण कुठून येतंय, गाडीत किती जागा, कुणाला कुठून घ्यायचं. एसटी सगळीकडे वेळेवर पोचत नाही, म्हणून हे कोष्टक सगळ्यात जास्त वापरलं जाणार हे उघड होतं. बसणाऱ्याला गाडीवाल्याशी बोलता यावं म्हणून मी त्यात फोन नंबर ठेवला. आणि सगळाच एपीआय खुला, म्हणून तोही खुला राहिला. चौथ्या दिवशी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी मला भेटायला आली. तिला अनोळखी माणसाचे फोन येत होते. रात्री. तिनं घरी सांगितलं नव्हतं, कारण घरी सांगितलं तर परिषदच बंद होईल, कदाचित कॉलेजही.

मी त्याच तासाला नंबर काढून टाकले. पण खुला डेटा एकदा बाहेर गेला की आपल्या सर्व्हरवरून पुसून तो जगातून पुसला जात नाही; कुणी उतरवून घेतला असेल तर घेतला. त्या मुलीनं सिम बदललं. मी तिच्या गावी गेले, तिच्या आईला सगळं सांगितलं, माझ्या हातून झालं हे सांगितलं. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या फार कमी. निघताना एवढंच विचारलं, "तुम्ही एवढं शिकल्या, तुम्हाले हे समजलं नाई काय?" मला उत्तर नव्हतं. माणसाची वैयक्तिक माहिती कशी हाताळावी ह्यासाठी देशात २०२३ चा कायदा आहे आणि तो मी वाचलेला होता. पण 'खुलं' हा शब्द मला इतका आवडत होता की कोणाचं काय खुलं करतेय ते मी विचारलंच नाही. भाषणाचं शीर्षक खुलं असणं आणि एकोणीस वर्षांच्या मुलीचा नंबर खुला असणं ह्या दोन गोष्टी मी एकाच कोष्टकात, एकाच परवानगीत ठेवल्या होत्या.

त्यानंतर प्रत्येक रकान्यापुढे मी लिहून काढलं: हे कुणाचं आहे, कुणाला दिसेल, कुणाला बदलता येईल. गाड्यांच्या कोष्टकात गाव, वेळ आणि जागा एवढंच उरलं. निरोप कोष्टकातूनच जायचा, नंबर न दाखवता, आणि ज्याचा नंबर त्यानं स्वतः दिला तरच समोरच्याला मिळायचा. ती मुलगी परिषदेला आली. दोन्ही दिवस नोंदणीच्या टेबलावर बसली. तिनं मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही.

परिषद सुरू झाल्यावर लोकांनी काय काय लिहिलं हे मी रात्री वाचत बसायचे. पहिल्या दिवशी वीज गेली तेव्हा एका मुलानं "प्रोजेक्टर बंद, भाषण कडुलिंबाखाली" असा बदल केला, तीन मिनिटांत माणसं खुर्च्या उचलून बाहेर. बोंडअळीच्या सत्रानंतर एका शेतकऱ्यानं टिपणात भर घातली की सापळ्यातला लूर, म्हणजे पतंगांना ओढणारं आमिष, पावसानंतर लवकर बदलावा लागतो, हे कुणी सांगितलंच नाही. वक्त्यानं खाली लिहिलं, बरोबर आहे. कुणीच उद्घाटनाची वेळ रात्री अकराची केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ४००चा कोड सारखा येताना दिसला, म्हणजे सर्व्हरला न समजणारं काहीतरी कुणी पुन्हा पुन्हा लिहू पाहत होतं. मागोवा घेत गेले तर शेवटच्या रांगेत एक मुलगी, कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, डी.एड. करणारी. बचत गटांच्या भाषणाचं शीर्षक तिला कोलामीत लिहायचं होतं, कारण तिच्यासोबत पोडावरच्या दोन बाया आल्या होत्या आणि त्यांचाच गट होता. मी कोष्टकात शीर्षकाला दोन जागा ठेवल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी. तिसरी जागाच नव्हती. ती तिसरी भाषा मराठीच्या जागेत घालत होती, आणि मग मराठी जाऊ नये म्हणून स्वतःच परत काढत होती. नंतर तिनं नवा रकाना घालून पाहिला. सर्व्हरनं तो नाकारला.

कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी. आबाजी पोडावर मुनादी द्यायला जायचे तेव्हा तीही मराठीतच द्यायचे. मी तिच्या शेजारी बसले आणि तिथंच रचना बदलली. दोन ठरलेल्या जागांऐवजी भाषेचा कोड आणि त्यापुढे मजकूर, हव्या तितक्या भाषा. प्रत्येक भाषेला जागतिक यादीत एक कोड असतो. कोलामीचा आम्ही शोधून काढला: केएफबी. तिला तो पाठ झाला. "केएफबी," ती त्या बायांना सांगत होती आणि त्या हसत होत्या. चार वाजायच्या आत सात भाषणांची शीर्षकं कोलामीत होती, आणि एका गोंड मुलानं गोंडी सुरू केली होती. मी केलेलं काम वीस मिनिटांचं होतं. पण ते मला डिसेंबरात सुचलं नव्हतं, आणि तिच्या हाती लिहायचा अधिकार नसता तर तिनं मला येऊन सांगितलंही नसतं. ती लाजाळू आहे. तिनं आधी सर्व्हरला सांगून पाहिलं.

परिषद संपली, बॅनर उतरले, भांडी परत गेली. वेळापत्रक आता बदलायचं काही कारण नाही, म्हणून ते मी बंद केलं. जसं आहे तसं वाचता येतं. गाड्यांचं कोष्टकही बंद करणार होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते करायला बसले आणि बदलाची वही उघडली. परिषदेनंतर त्यात एकोणतीस नव्या नोंदी होत्या. कुणीतरी तुरीची पोती बाजार समितीत न्यायला निम्मी रिकामी गाडी असल्याचं लिहिलं होतं. कुणी परीक्षेला जाणाऱ्या दोन मुलींसाठी जागा मागितली होती, आणि खाली कुणी हो म्हटलं होतं. सगळ्यात वरची नोंद त्याच सकाळची होती:

"सोमवार. यवतमाळ, दवाखाना. निघणं सकाळी ६. एक जागा आहे, म्हाताऱ्या माणसाले पुढं बसवू."

मी लॅपटॉप मिटला आणि बाबांना सांगायला ओसरीवर गेले. ते म्हणाले, "मंग ते चालू ठेवाले महिन्याचे किती लागतात?" मी आकडा सांगितला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुरीचा चुकारा आला की देतो."